भुराजी सशाच्या शेताचा वास

एका जंगलात, मुलांनो, कापूस पिकत असे.

अंगावर चांगली मऊ लव असलेल्या जनावरांना कापूस कशाला, असं तुमच्यातला एखादा आगाऊ मुलगा विचारील. त्याला खाली बसवा. बोधकथेत प्रश्न विचारायचे नसतात, शेवटी बोध तेवढा घ्यायचा असतो. आधी या जंगलात गवत होतं, बोरं होती, कंदमुळं होती. मग कुणीतरी सांगितलं, की गवत खाणारं जनावर मागासलेलं आणि कापूस लावणारं जनावर प्रगतिशील. जनावरांनी एका उन्हाळ्यात सगळं गवत उपटून टाकलं. पोटात काय घालायचं, याचा विचार नंतर करायचं ठरलं. तो विचार अजून चालू आहे.

कापूस आला तशी अळी आली. अळी आली तसं औषध आलं. औषध कसलं, विषच ते. पण आपल्या पिकावर आपण विष टाकतो, असं म्हणायला कुणाची जीभ धजत नसे. म्हणून लहानथोर सगळे त्याला औषधच म्हणत.

या औषधाला उग्र वास होता, आणि त्या वासानं जंगलाची एक जुनी रीतच बदलून टाकली.

पूर्वी सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पीक बघत, बीळ बघत, मुलीला एखादा प्रश्न विचारत. पुढे सगळ्यांचं पीक सारखंच दिसू लागलं, म्हणजे सारखंच वाईट. मग घराणं ओळखायचं कसं? जाणत्यांनी तोडगा काढला. पाहुण्यांनी शेताच्या बांधावर उभं राहायचं आणि छाती भरून श्वास घ्यायचा. नाक झणझणलं, तर घर खाऊनपिऊन सुखी. डोळ्यांत पाणी आलं, तर खानदानी. ठसका लागून बरोबरचा एखादा म्हातारा खाली बसला, तर तिथली मुलगी डोळे झाकून करावी. आणि नुसताच श्वास आत जाऊन बाहेर आला, तर पाहुणे चहालासुद्धा थांबत नसत. ‘त्याच्या शेतात खुशाल श्वास घेता येतो’ ही त्या जंगलात शिवी होती.

अशा या गुणी जंगलात, नाल्याच्या काठी, भुराजी नावाचा ससा राहत असे.

ससा भित्रा असतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पण भुराजी वाघाला फारसा भीत नसे. वाघ दिसला तर पळता येतं. भुराजी भीत असे तो चारचौघांना. चारचौघांपासून लपता येईल असं बीळ त्या जंगलात कुणी खणलं नव्हतं.

त्याची बायको पंचफुला, आणि त्यांची एकुलती एक मुलगी सोनकी. सोनकी हसरी होती, कामाला चलाख होती आणि बापाची फार लाडकी होती. बाप शेतातून आला की ती त्याला समोर बसवी, त्याचे कान ओढून धरी आणि त्यात अडकलेली कुसळं एकेक करून काढी. भुराजी ओरडायचं नाटक करी. दिवसभरात त्याला सुखाचं म्हणावं असं तेवढंच होतं.

सोनकीला स्थळ आलं होतं. पलीकडच्या माळावरचे उकंडराव ससे म्हणजे बडं प्रस्थ. त्यांच्या शेतावरून उडणारे बगळे वाट वाकडी करून जात, असा त्यांच्या वासाचा लौकिक. या घरात सोनकी पडावी, एवढी एकच इच्छा भुराजीनं धरली होती. पाहुणे येणार, असा निरोप आला आणि तो हरखून गेला.

त्याचा शेजारी झिंगराजी साळिंदर बांधावर आला.

“भुराजी, पाहुने येऊन राह्यले म्हनते?”

“हो बाप्पा. पोरीचं जमते का पाहू.”

झिंगराजीनं नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्याच्या पाठीवरचे काटे काळजीनं उभे राहिले.

“इकडं कशाचा वास येऊन राह्यला रे?”

“मातीचा असन.”

“मातीचा,” झिंगराजी हळूच म्हणाला. घरात एखादा वाईट आजार निघावा, तसा त्याचा आवाज झाला. “अन् पोरगी उकंडरावाच्या घरी द्याची हाय?”

खरं म्हणजे भुराजीच्या शेतात वास नव्हता याला कारण होतं. त्यानं बापाच्या वेळेची पद्धत सोडली नव्हती. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, त्यानं मधे मधे काठ्या रोवल्या होत्या. त्यांवर कोतवाल पक्षी येऊन बसे आणि दिसेल ती अळी टिपून खाई. पानांवर ढालकिडे होते, कोळी होते, तेही आपापल्या परीनं पोट भरत. झिंगराजीनं फवारलं की शेजारधर्म म्हणून भुराजीही थोडं पातळ औषध मारी, कारण शेजाऱ्यानं हाकललेली कीड आपल्याकडेच येणार, अशी सगळ्या जंगलाची खात्री होती. एरवी तो पंप कोपऱ्यात पडलेला असे.

झिंगराजी गेल्यावर भुराजीनं एक बोंड तोडलं आणि दातानं फोडलं. आत अळी होती. गुलाबी, गुबगुबीत, चांगल्या घरातली.

“कोण आहे?” तिनं विचारलं.

“मी भुराजी. हे शेत माहं हाय.”

“अरे वा, आपण मालक! या, बसा. बसायला जागा नाही म्हणा. सरकी सगळी मी खाल्ली.”

“मांगं मी औषध फवारलं होतं,” भुराजी चाचरत म्हणाला. “तुमाले काही झालं नाई?”

“फवारलंत? कुठे, बाहेर?” अळीला नवल वाटलं. “आम्ही बाहेर नसतो हो. अंड्यातून निघालं की तडक बोंडात शिरायचं. शिरलो की मागे भोक बुजतं. मग बाहेर पाऊस पडो की औषध पडो, आम्हाला पत्ता लागत नाही. तुमचं बाहेर काही चालू असेल तर खुशाल चालू द्या. आमची काही हरकत नाही. फक्त जाताना बोंड लावून घ्या, वारा येतो.”

मुलांनो, एवढी मोलाची गोष्ट खुद्द अळीनं तोंडानं सांगावी, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. भुराजीनं ते नीट ऐकून घेतलं. बोंड मिटवलं. आणि त्यावरून त्यानं असा निष्कर्ष काढला, की आपलं औषध पातळ पडलं.

तो तडक उदमांजराच्या दुकानात गेला. दुकानाचं नाव ‘जंगलमित्र कृषी केंद्र’. उदमांजराच्या अंगालाच मुळात एक वास असतो, त्यामुळे या धंद्यात त्याला वेगळी जाहिरात करावी लागली नव्हती.

“या भुराजीभाऊ. काय देऊ?”

“औषध.”

कीड कोणती, हे उदमांजरानं विचारलं नाही. दुकानात कुणीच कुणाला ते विचारत नसे. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला.

“शेजाऱ्यानं कोनतं मारलं?”

“झिंगराजीनं ते लाल डब्यातलं मारलं.”

“मंग तुमाले लालही लागन अन् पिवळंही लागन. हे अळीचं. हे माशीचं. हे पऱ्हाटी हिरवीगार दिसाले. अन् हे आखरीचं, बाकीचे डरमात आपसात भांडू नये म्हनून.”

“सगळे एकाच डरमात टाकाचे?”

“पाहुने येनार हायेत ना?”

भुराजीनं मान हलवली. “वास येईन ना पन?”

“पार नाल्यापलीकडं ठसका लागन. माही गॅरंटी.”

“अन् अळी?”

“अळीचं काय?” उदमांजर गोंधळलं. इतकी वर्षं दुकान चालवत होतं, पण हा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. मग त्यानं विषय बदलून भुराजीला एक टोपी फुकट दिली. टोपीवर हसऱ्या कपाशीचं चित्र होतं.

निघताना भुराजीला आठवण झाली. “फवारताना तोंडाले लावाले काही भेटते म्हनत.”

“मास्क! हाय ना. सरकारी योजनेतला हाय.” उदमांजरानं खोक्यावरची धूळ झटकली.

मास्क चांगला होता. फक्त तो वाघाच्या मापाचा होता. योजनेचं उद्घाटन वाघमहाराजांच्या हस्ते झालं होतं, तेव्हा माप कुणाचं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. भुराजीनं तो घालून पाहिला तर तो कानांसकट आत गेला आणि त्याला बाहेर पडायची वाट सापडेना. उदमांजरानं त्याला ओढून काढलं. मास्क परत खोक्यात गेला.

पाहुणे दुपारी यायचे होते. वास ताजा असावा म्हणून भुराजीनं सकाळीच फवारायला घेतलं.

सोनकीनं नाल्याचं पाणी आणून ड्रममध्ये ओतलं. भुराजीनं एकेक डबा त्यात रिकामा केला. आता ढवळायला काठी हवी होती. जवळच एक होती, पण तिच्यावर कोतवाल बसला होता.

“त्याले काहून उठवाचं?” सोनकी म्हणाली आणि तिनं कोपरापर्यंत हात घालून ड्रम ढवळला. तसे त्या जंगलात सगळेच हातानं ढवळत. काठीनं ढवळणाऱ्याला लोक नाजूक म्हणून हसत.

पऱ्हाटी सशाच्या डोक्यापेक्षा उंच वाढली होती. भुराजी नळी वर धरून फवारी, आणि पानांवर गेलेलं औषध थेंब थेंब त्याच्याच अंगावर येई. वारा समोरून होता. मधेच नळीच्या तोंडाशी कचरा अडकला. सोनकीनं ते तोंड काढलं, ओठांत धरलं आणि जोरात फुंकलं. हीही तिथली रीतच. कचरा निघाला. ती तोंड पुसून हसली.

“बाबा, लय कडू हाय,” ती म्हणाली.

“कडू हाय म्हंजे जालीम हाय,” भुराजी समाधानानं म्हणाला.

औषध खरंच जालीम निघालं. ढालकिडे पानांवरून गळाले. कोळी आपल्याच जाळ्यात लटकले. कोतवाल काठीवर दोनदा डुलला आणि खाली पडला. अळीला खाणारं जे जे त्या शेतात होतं, ते ते मेलं. अळी तेवढी आत होती.

आणि मग सोनकी सरीत मटकन बसली.

“बाबा, मले सगळं धुकट दिसून राह्यलं.”

भुराजीनं तिला उचलून बिळात आणलं. तिच्या तोंडातून लाळ येत होती. अंग थरथरत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पंचफुलानं तिचं तोंड पाण्यानं धुतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“अवो, हिले वैद्याकडं न्या. आत्ताच न्या.”

तेवढ्यात बांधावरून हाक आली. पाहुणे वेळेच्या आधीच आले होते.

भुराजी दारात उभा राहिला. आत सोनकी, बाहेर उकंडराव. नाल्यापलीकडे घोरपड वैद्य राहत होता. सशाला तिथवर उड्या मारत जायला कितीसा वेळ लागतो?

“पाहुने धुऱ्यावर उभे हायेत,” तो बायकोला म्हणाला. “त्यायनं वास घेतला का सुपारी फुटते. सुपारी फुटली का लगेच नेतो. तिच्यासाठीच तर चाललं हाय हे.”

“तिच्यासाठी?” पंचफुलानं विचारलं. पण तो बाहेर पडला होता.

उकंडरावांनी छाती भरून श्वास घेतला. त्यांचं नाक झणझणलं. मग डोळे भरून आले. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या काकांना असा ठसका लागला, की त्यांना बांधावर बसवून पाठ चोळावी लागली. उकंडरावांनी डोळे पुसत भुराजीला मिठी मारली.

“याले म्हनते घरानं,” ते गदगदून म्हणाले. “आमच्या इकडंही असा वास नाई. पोरगी कोठी हाय?”

“लाजून राह्यली,” भुराजी म्हणाला.

पाहुण्यांना ही लाज फार आवडली.

चहा झाला. उकंडरावांना चहा उकळलेला लागे, म्हणून तो पुन्हा उकळला. मग वासावर गोष्टी निघाल्या. कुणाच्या शेताला कसा वास होता, कुणाच्या मुलीचं वासापायी मोडलं, हे सगळं निघालं. सुपारी आणली, तर ती कडक निघाली. भुराजी हसत होता, माना डोलवत होता. त्याचा एक कान पाहुण्यांकडे होता आणि एक बिळाकडे. बिळातून कण्हणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. पोरीला आराम पडला, असं भुराजीला वाटलं, आणि तो थोडा सैल होऊन बसला.

सुपारी फुटली. पाहुणे उठले. भुराजी धावत आत गेला, सोनकीला पाठीवर घेतलं आणि नाला ओलांडून घोरपड वैद्याच्या दारात पोचला.

“काय फवारलं होतं?” वैद्यानं विचारलं.

“सगळं,” भुराजी म्हणाला.

वैद्यानं सोनकीचा हात हातात घेतला आणि हळूच खाली ठेवला. “एका विषाले उतारा असते, भुराजी. सगळ्याले नसते. अन् हिले आनाले लय उशीर झाला.”

मुलांनो, सोनकी गेली. मला हे हसत सांगता येत नाही. इतका वेळ तुम्हाला हसवत होतो, पण एका पोरीचा जीव जात होता आणि तिचा बाप अंगणात सुपारी फुटायची वाट पाहत होता, याला मी तरी काय म्हणू? त्या बापाला ती नकोशी झाली असती तर गोष्ट सोपी होती. त्याचा तिच्यावर जीव होता, हीच अडचण आहे.

उकंडरावांना निरोप कळला तसे ते भेटायला आले. मान खाली घालून बसले. शेतावरून झुळूक आली तेव्हा त्यांनी नकळत छाती भरून घेतली. मग दबक्या आवाजात विचारलं, “धाकटी नाई का एखादी?”

पुढे महाराजांच्या कानावर गोष्ट गेली. त्यांनी चौकशीला घुबड पाठवलं. घुबड विद्वान होतं, आणि चौकशी भर दुपारी असल्यामुळे ती त्यानं डोळे मिटून केली.

उदमांजराची तपासणी झाली. त्याच्या परवान्याला चांगली चौकट बसवलेली होती, त्यामुळे त्याच्यावर ठपका आला नाही. मग औषधाची तपासणी झाली. एक बोंड फोडून अळीची साक्ष घेतली. अळीनं आपली तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. यावरून घुबडानं ताडलं, की ज्या औषधानं साधी अळी मरत नाही, ते सशाला मारण्याइतकं कडक असणं शक्य नाही.

“मग दोष कुणाचा?” घुबडानं विचारलं. “मयत सोनकी हिने फवारणीच्या वेळी मास्क लावला होता काय?”

सगळ्यांनी भुराजीकडे पाहिलं. झिंगराजी होता, उदमांजर होतं, अख्खं जंगल होतं. मास्क वाघाच्या मापाचा होता, असं भुराजी म्हणू शकला असता. पोरगी आत तडफडत होती आणि मी चहा पीत बसलो होतो, असंही म्हणू शकला असता. त्यानं एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली.

“नव्हता लावला,” तो म्हणाला.

“संपलं,” घुबड म्हणालं.

तेव्हा पंचफुला उठली. आजवर ती कधी चारचौघांत बोलली नव्हती.

“साहेब, एवढंच सांगा. माही सोनकी कोनती कीड होती?”

घुबडानं एक डोळा किलकिला केला, ऊन लागलं म्हणून पुन्हा मिटला, आणि हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत येत नसल्याचं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात झिंगराजीनं पुन्हा फवारलं. वास बांध ओलांडून बिळापर्यंत आला. भुराजी उठला. कोपऱ्यातला पंप त्यानं पाठीवर घेतला. त्याच्या कानांत कुसळं तशीच होती, काढणारं कुणी नव्हतं.

पंचफुला दारात बसली होती. ती बाजूला सरली नाही.

“अवं, सरक,” भुराजी म्हणाला. “झिंगराजीनं मारलं. आता त्याच्याकडची सगळी कीड आपल्या घरात येईन.”

“येऊ द्या,” पंचफुला म्हणाली. “कोनी तरी येऊ द्या घरात.”

तो तिला वळसा घालून शेताकडे गेला.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी अळी व्हा. नेहमी आत राहावं, पोटभर खावं, बाहेर काय चाललंय ते आपल्याला ऐकू येत नाही असं नम्रपणे सांगावं, आणि चौकशी झालीच तर तब्येत ठणठणीत ठेवावी. उदमांजराला हे जमलं, घुबडाला जमलं, तुम्हालाही जमेल. ज्याला एवढंही जमत नाही, त्यानं शेती करावी.